कै. श्रीमती कमलादेवी चट्टोपाध्याय

हस्तकलांच्या पुनरुज्जीवनाचे कार्य करणाऱ्या थोर विदुषी म्हणून कमलादेवींचे नाव आपल्या बहुतेक कुटुंबांत आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध राजकारणात गेला, आणि तेथे स्त्रीच्या वाट्यास स्तुती पुष्कळ पण स्थान थोडे येते, ह्या अनुभवाशी त्यांना वारंवार झगडावे लागले, ही गोष्ट तितकीशी स्मरणात राहिलेली नाही. त्या भागाचा थोडक्यात परिचय येथे करून देत आहोत.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथील एका सारस्वत घराण्यात झाला. वडील सरकारी अधिकारी होते. कमलादेवी लहान असतानाच ते मृत्युपत्र न करता निवर्तले आणि तत्कालीन कायद्याप्रमाणे सर्व मालमत्ता सावत्र मुलाकडे गेली. मातोश्री गिरिजाबाई ह्या सुशिक्षित व मानी होत्या. पोटगीचा आश्रय त्यांनी नाकारला. घरच्या स्त्रीस मान असतो, हक्क मात्र नसतो, हा पहिला धडा कन्येला असा घरातच मिळाला. चौदाव्या वर्षी विवाह आणि अल्पावधीतच वैधव्य, असे आघात त्यांच्यावर झाले. तथापि शिक्षण थांबले नाही. मद्रासला क्वीन मेरीज कॉलेजात शिकत असता सरोजिनी नायडू ह्यांचे बंधू, कवी व नाटककार हरींद्रनाथ ह्यांच्याशी परिचय होऊन पुढे विवाह झाला. विधवेने पुन्हा विवाह करावा हे सनातनी मंडळींस रुचले नाही. कमलादेवींनी त्या रोषाची पर्वा केली नाही.

१९२६ साली मद्रास इलाख्यात स्त्रियांस कायदे कौन्सिलसाठी उभे राहण्याची मुभा मिळाली. मतदानाचा हक्क त्यांना १९२१ मध्येच मिळाला होता, पण मत देणे निराळे आणि मत मागणे निराळे! मार्गारेट कझिन्स ह्या आयरिश विदुषीच्या आग्रहावरून कमलादेवी स्वतंत्र उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. पाठीशी पक्षाची यंत्रणा नव्हती, प्रचारास अवधी नव्हता आणि वय अवघे तेवीस वर्षांचे होते. त्या थोडक्या मतांनी पराभूत झाल्या. त्याच कौन्सिलात १९२७ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आल्या, त्या सरकारी नियुक्तीने. त्यांनी तेथे मोठे काम केले हे खरेच. परंतु निवडणुकीने आत जाण्याचा दरवाजा स्त्रियांस अजून बंदच होता. हिंदुस्थानात विधिमंडळाच्या निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत कमलादेवींची गणना होते. १९२७ च्या जानेवारीत पुणे येथे अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि ह्या संस्थेच्या उभारणीत त्यांनी चिटणीस म्हणून परिश्रम घेतले.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सत्याग्रहींसह दांडीस निघाले. त्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. स्त्रियांस पुढे करणे म्हणजे त्यांची ढाल करणे होय, त्यांनी दारूच्या व परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करावे, असे गांधीजींचे मत होते. हेतू निर्मळ होता, पण निर्णय स्त्रियांस न विचारता झाला होता. कमलादेवी वाटेत त्यांना जाऊन भेटल्या आणि मिठाच्या सत्याग्रहात स्त्रियांस भाग घेऊ द्यावा, हे त्यांना पटवून आल्या. पुढे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मीठ तयार करणाऱ्या पहिल्या तुकडीत त्या स्वतः व अवंतिकाबाई गोखले ह्या दोन स्त्रिया होत्या. कमलादेवींनी ते मीठ शेअर बाजारात नेऊन विकले आणि तुरुंगवास पत्करला.

ह्यानंतर हजारो स्त्रिया तुरुंगात गेल्या. १९३१ च्या कराची काँग्रेसने सत्तेच्या व अधिकाराच्या जागांबाबत स्त्रीपुरुष असा भेद राहणार नाही, असा ठरावही केला. मात्र प्रत्यक्षात काय घडले? १९३६ च्या जानेवारीत मीरत येथे काँग्रेस समाजवादी पक्षाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद कमलादेवींनी भूषविले. त्याच वर्षी लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष पंडित नेहरू ह्यांनी कार्यकारिणी नेमली. तीत आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण व अच्युतराव पटवर्धन असे तीन समाजवादी पुढारी घेतले, पण स्त्री एकही घेतली नाही. आधीच्या कार्यकारिणीतील सरोजिनीबाईही वगळल्या गेल्या. हे वगळणे सर्वस्वी अध्यक्षांचेच कृत्य आहे, असे गांधीजींनी नेहरूंना पत्राने कळविले. लाठी खाण्यास स्त्री चालते, निर्णयाच्या बैठकीत मात्र तिची आठवण राहत नाही, हे अगदी पुरोगामी पुढाऱ्यांच्याही हातून घडले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर फारच थोड्या स्त्रिया निवडून आल्याबद्दल ह्याच नेहरूंनी मुख्यमंत्र्यांस लिहून खेद व्यक्त केला.

स्वातंत्र्यानंतर कमलादेवींनी सत्तेच्या राजकारणातून अंग काढून घेतले. निर्वासितांसाठी सहकारी कार्य उभारले, १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा वाहिली आणि असंख्य कारागिरांच्या घरी चूल पेटती ठेवली. १९६६ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांचे मुंबईत देहावसान झाले. हस्तकलांचा ह्यात मोठा लाभ झाला. परंतु राजकारणाने एक कर्तबगार स्त्री गमावली, हेही तितकेच खरे.

१९२६ पासून जवळजवळ शंभर वर्षे लोटली, तरी २०२४ च्या लोकसभेत ५४३ जागांवर निवडून आलेल्या स्त्रिया ७४ च होत्या. एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ साली संमत झाली, पण ती त्या निवडणुकीस लागू झाली नाही. कायदा आपले काम यथाकाल करील. परंतु उमेदवारांची यादी बंद खोलीत ठरते, आणि त्या खोलीत कोणास बसवावयाचे हे मनोवृत्तीवर अवलंबून असते. ती मनोवृत्ती घराघरांतून आणि आपल्यासारख्या मंडळांच्या कार्यकारिणींतूनच घडते. सभेच्या दिवशी भगिनींकडे स्वागत व अल्पोपाहार सोपवून ठरावाच्या वेळी त्यांस विसरणे आपण सोडले, तर कमलादेवींच्या नावाचा अभिमान बाळगण्याचा अधिकार आपणांस खऱ्या अर्थाने प्राप्त होईल.