सतरा अंकी आकड्यात आनंद शोधणारे देवळालीचे कापरेकर मास्तर

एकलहरे (ता. नाशिक) : एकलहऱ्याचं नाव निघालं की वीज केंद्राच्या उंच चिमण्या डोळ्यांसमोर येतात. याच भागातल्या देवळालीत एक साधे शाळामास्तर राहत. आज जगभरचे गणिती त्यांचं नाव घेतात. ते म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

१७ जानेवारी १९०५ ला डहाणूत त्यांचा जन्म झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यांची आकडेमोड बघता बघता पोराला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२९ ला बीएस्सी झाले. त्यापुढची डिग्री कधी घेतली नाही. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवलं.

डोंबिवली स्टेशनवर त्यांना एका जातीच्या आकड्यांचा विचार सुचला. स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटलं. ११ ला ११ ने गुणलं की १२१. १११ ला १११ ने गुणलं की १२३२१. असं करत नऊ वेळा १ लिहून त्याला त्यानेच गुणलं, तर येतात १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, जिना चढावा आणि उतरावा तसे! दहा वेळा १ घेतला की हातचा येतो आणि जिना मोडतो.

या सतरा अंकांची बेरीज ८१. त्या अख्ख्या आकड्याला ८१ ने भागलं तर बाकी शून्य. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी.

१९४९ ला त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. गाडीच्या नंबरचे चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. समजा ३५२४. मोठ्यापासून लहान मांडले की ५४३२, उलटे २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच केलं की ८३५२, आणि मग ६१७४. कुठलाही नंबर घ्या, जास्तीत जास्त सात वेळांत गाडी तिथंच येऊन थांबते.

देशातल्या बड्या गणितींनी मात्र हा पोरखेळ समजून दुर्लक्ष केलं. मास्तरांनी पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. आकडे काही सोडले नाहीत. १९७५ ला अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ ला ते देवळालीतच गेले.

मोठी डिग्री नाही, यंत्र नाही. कागद, पेन्सिल आणि पहिलीपासून शिकवतात ती बेरीज-वजाबाकी, एवढ्यावर मास्तरांनी जगाच्या गणितात आपलं नाव लावलं.