पितळी तारेची बंदूक

जिम कॉर्बेट म्हटलं की आपल्याला वाघ आठवतात. चंपावतची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबट्या, रात्रीचं मचाण. मला मात्र अलीकडे त्यांची पुस्तकं पुन्हा वाचताना वाघांपेक्षा बंदुकाच जास्त दिसू लागल्या आहेत. त्यातही नेमबाजी नव्हे, तर अगदी सुतारकामाची एक बाब. बंदुकीचं लोखंड तिच्या लाकडात कसं बसलेलं आहे, ही.

कॉर्बेट जन्मले २५ जुलै १८७५ रोजी, नैनितालला. वडील तिथे पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचा असताना ते वारले. मोठं खटलं, पैसा बेताचा. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली तराईजवळच्या कालाढुंगीला, अशी कुटुंबाची वर्षाची रीत. कालाढुंगीच्या रानात हा मुलगा वाढला. आठेक वर्षांचा असताना त्याला एक ठासणीची दुनळी बंदूक मिळाली. मिळाली म्हणजे टाकाऊ होती म्हणून मिळाली. उजवी नळी फाटलेली, तिचा उपयोग शून्य. दस्ता कधीतरी मोडलेला, आणि नळ्या व लाकूड एकत्र राहावं म्हणून ते पितळी तारेनं करकचून बांधलेलं. डाव्या नळीवर या मुलाचं शिक्षण झालं. बार भरायला वेळ लागे आणि एक बार चुकला की सावज निघून जाई. त्यामुळे जवळ जाऊन, थांबून, खात्री पटल्यावरच घोडा ओढायचा, ही सवय तिथे लागली. दहाव्या वर्षी शाळेच्या कॅडेट पथकाकडून ४५० बोअरची मार्टिनी वापरायला मिळाली. अट अशी की ती स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत आणून द्यायची. माझी उमर बँकेत गेली असल्यानं ही अट मला फार आवडते.

आता लोखंड आणि लाकूड यांच्या संसाराबद्दल थोडं सांगायला हवं. ते मला कळलं कोकणातल्या एका शाखेत. आमचे पहारेकरी लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. उभी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांच्याकडे स्वतःच्या परवान्याची, ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ३१५ बोअरची रायफल होती. एका पावसाळ्यानंतर त्यांच्या लक्षात आलं की गोळ्या एका जागी पडेनाशा झाल्या आहेत. नळी तीच, दर्शनी तीच, डोळा तोच. मग एका रविवारी त्यांनी घराच्या ओटीवर चटई अंथरून ती रायफल उघडली. मी समोर चहा घेत बसलो होतो. आधी त्यांनी आत काडतूस नाही हे स्वतः पाहिलं, मग मला पाहायला लावलं, आणि नंतरच पेचकस हातात घेतला.

गोष्ट अशी, की रायफल झाडली की आतलं लोखंड मागे येतं. तो धक्का ते लाकडातल्या दोन खांद्यांवर देतं. दोन्ही खांद्यांना लोखंड सारखं टेकलं असेल तर लाकूड वर्षानुवर्षं ते सहन करतं. एकालाच टेकत असेल तर सगळा भार तिथे येतो आणि एक दिवस दस्ता चिरतो. शिवाय लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. आकसलं की लोखंड दर बाराला केसभर हलतं आणि प्रत्येक वेळी निराळ्या जागी थांबतं. फुगलं की नळीला बगलेतून रेटतं. इथला केसभर फरक शंभर पावलांवर वीतभर होतो.

सुभेदारांनी काजळी तेलात खलून लोखंडाच्या खालच्या अंगाला पातळ हात दिला. लोखंड लाकडात बसवलं, पेच आवळले, परत सोडवलं. लाकडात जिथे काळे ठिपके उठले ते उंचवटे. दातांचा डॉक्टर रंगीत कागद चावायला देतो आणि डाग पडला तेवढाच दात घासतो, तसंच हे. पटाशीनं तेवढाच कण खरवडायचा, पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं. सकाळी नऊला सुरू झालेलं काम दिवेलागणीला संपलं. शेवटी त्यांनी माझ्याकडे दहाची कोरी नोट मागितली आणि ती नळी व लाकूड यांच्यामधून सरकवत नेली. टोकाला जिथे नळीनं टेकायला हवं तिथे ती अडली, मधे कुठेही नाही. हल्ली लाकूड खरवडण्याऐवजी खाचेत इपॉक्सी ओततात आणि लोखंड त्यात दाबून बसवतात, म्हणजे तंतोतंत साचा मिळतो. मात्र लोखंडाला आधी मेण किंवा बुटाचं पॉलिश लावावं लागतं, नाहीतर दोघं जन्माचे चिकटतात. पण काम तेच. धक्क्यानंतर लोखंड पुन्हा त्याच जागी यायला हवं.

हे डोक्यात ठेवून चंपावतची कथा वाचावी. साल १९०७. कॉर्बेट बत्तिशीच्या आतले. या वाघिणीनं आधी नेपाळात दोनशे आणि मग कुमाऊँत दोनशे छत्तीस, अशी एकूण ४३६ माणसं मारली होती. गावंच्या गावं दारं लावून बसलेली. शेवटच्या दिवशी चंपावतच्या तहसीलदारानं माणसं जमवली, हाकारा झाला. कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसं होती. ती संपली. वाघीण जखमी, पण उभी. तेव्हा त्यांनी तहसीलदाराकडे धाव घेऊन त्याची बंदूक घेतली आणि वीस फुटांवर जाऊन उभे राहिले. बंदूक उचलली, तेव्हा दिसलं की नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये जवळजवळ तीन सुतांची फट आहे. आपल्या सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या फटीतून दारूचा भपका उलटा तोंडावर आला असता तर डोळे गेले असते. समोर जबडा उघडलेली वाघीण, हातात हे खिळखिळं खेळणं. त्यांनी बार काढला. नेम तोंडावर होता, गोळी लागली पुढच्या उजव्या पंजाला. वाघीण आधीच्या गोळ्यांनी संपतच आली होती म्हणून ती कोसळली. एरवी कॉर्बेट हे नाव आपल्याला कळलंच नसतं.

याच्या पुढचा तपशील मला जास्त छळतो. वाघीण मेल्यावर तिचे दात पाहिले. उजवीकडचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा पार हाडापर्यंत गेलेला. बंदुकीच्या जुन्या जखमेनं. नेहमीची शिकार धरणं तिला जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष. तो बार कुणी काढला, कसल्या बंदुकीनं, हे कुणाला माहीत नाही. बंदूक सैल होती की हात सैल होता, सांगता येणार नाही. गोळी बोटभर इकडे किंवा तिकडे गेली असती तर वाघीण मेली तरी असती किंवा सहीसलामत सुटली असती. ती नेमकी मधे लागली.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची २७५ बोअरची रायफल भेट दिली. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी. ह्यूएट साहेबांनी तहसीलदारालाही बंदूक बक्षीस दिली. सरकारी बक्षिसांमध्ये इतकं समयोचित बक्षीस मी दुसरं ऐकलेलं नाही!

रिग्बीच्या त्या रायफलीची यंत्रणा जर्मन माउझरची. लाकूड अक्रोडाचं आणि लंडनच्या कारागिरांच्या हातचं. पितळी तारेपासून सुरू झालेला माणूस इथे पोचला. ही रायफल हलकी. वाघासाठी जड दुनळी वापरावी असं त्या काळचे शिकारी सांगत, आणि कॉर्बेट यांच्याकडे तशी दुनळीही होती. पण डोंगर चढताना हातात बहुधा हीच. तराईतल्या दमट हिवाळ्यातून बर्फाच्या वाऱ्यात, पावसात, दवात ती वर्षानुवर्षं फिरली. २ मे १९२६ च्या रात्री रुद्रप्रयागच्या बिबट्यावर तिच्यावर टॉर्च बांधूनच गोळी झाडली गेली. त्या बिबट्याची सरकारी नोंद १२५ माणसांची. १९३० च्या एप्रिलात चौगढची वाघीण आठ फुटांवर समोर आली, तेव्हा कॉर्बेट यांच्या डाव्या हातात एका पक्ष्याची दोन अंडी होती. एकाच हातानं रायफल हळूहळू वळवत त्यांनी ती झाडली. अशा वेळी दुसरा बार नसतो. हत्यार कुठे मारील याची शंका ज्याच्या मनात नाही, त्यालाच इतकं सावकाश वळता येतं.

मी दहिसरला राहतो. आमच्या नदीचा उगम राष्ट्रीय उद्यानातला, आणि त्या उद्यानात बिबटे आहेत. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेला बिबट्यांनी अनेक माणसं मारली, तेव्हा संध्याकाळी मुलांना खाली सोडायची भीती वाटे. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी शिकारी बोलवा म्हणालं होतं. चंपावतच्या वाघिणीचे ते तुटके सुळे मला त्या बैठकीत आठवले होते.

कॉर्बेट पुढे शिकारीपेक्षा कॅमेऱ्यात रमले. १९३६ साली झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानामागे त्यांचा आग्रह होता; आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. मोकामा घाटावर वीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट सांभाळलं, त्याची कथा स्वतंत्र लेखाची आहे. दुसऱ्या महायुद्धात सत्तरीला टेकलेला हा माणूस आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्यात सैनिकांना जंगलात लढायला शिकवत होता. आणि कुमाऊँच्या नरभक्षकांचं पुस्तक १९४४ साली पहिल्यांदा छापलं गेलं ते मुंबईत, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. १९४७ च्या डिसेंबरात ते मुंबईहूनच बोटीनं केनियाला गेले, बहीण मॅगीसोबत. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे वारले.

रायफल त्यांच्यामागे ऑक्सफर्ड प्रेसकडे राहिली आणि २०१५ च्या सुमारास पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. पुढच्या वर्षी ती हिंदुस्थानात आणून कालाढुंगीजवळच्या त्यांच्या छोटी हल्द्वानी गावात लोकांना दाखवली. गावकऱ्यांच्या आज्या-आजोबांनी ज्यांना कारपेट साहेब म्हटलं, त्यांच्या हाताचं ते लाकूड.