वेदनेचे मोल जाणणारा शल्यविशारद

मधुमेही रुग्णाच्या तळपायाला जखम झाली की ती भरेपर्यंत त्या पायावर भार देऊ नये, असे आज जगभरातील डॉक्टर बजावतात. या उपचारामागील शास्त्र घडविण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. विशेष म्हणजे, त्याचा पाया वेल्लोर येथील कुष्ठरुग्णांच्या सेवेत घातला गेला.

डॉ. ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी आजच्या तमिळनाडूतील कोल्लीमलई डोंगरात, एका इंग्रज मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. ते तेथे असतानाच १९२९ मध्ये त्यांचे वडील भारतात निधन पावले. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी सुतारकाम आणि बांधकामाचे धडे घेतले होते. लंडनमध्ये शल्यचिकित्सेत पारंगत होऊन १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

चिंगलपुट येथील कुष्ठधामात १९४७ मध्ये एका रुग्णाचा वाकडा झालेला पंजा त्यांनी हातात घेतला, तेव्हा त्याच्या पकडीतील ताकदीने ते चकित झाले. याचा अर्थ काही स्नायू अद्याप शाबूत होते. अशा स्नायूंचे कंडर दुसरीकडे जोडून बोटे पुन्हा हालती करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली.

कुष्ठरुग्णांचे मांसच सडते व बोटे आपोआप झडतात, असा त्या काळी समज होता. डॉ. ब्रँड यांनी प्रत्येक जखमेचे कारण शोधले. हाताला चटका बसूनही रुग्णाला कळत नव्हते, पायात खिळा रुतूनही तो चालत राही. काहींची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर ती उंदीर कुरतडत असल्याचे उघड झाले. मग घरी परतणाऱ्या रुग्णांसोबत मांजर देण्याची पद्धत पडली. संवेदना गेल्याने इजा होते, मात्र विश्रांती मिळाल्यास तेच मांस इतरांसारखे भरून येते, हे त्यांनी दाखवून दिले. रुग्णांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला तयार करण्यात त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा पुढाकार होता.

शस्त्रक्रियेनंतरही प्रश्न सुटत नव्हता. हात सरळ झालेल्या रुग्णाला भीकही मिळेना आणि कामही कोणी देईना. तेव्हा रुग्णांना सुतारकामासारखे व्यवसाय शिकविणारे केंद्र वेल्लोरला उभारण्यात आले. जखम भरणे पुरेसे नाही, माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, ही त्यांची धारणा होती. या कार्याबद्दल १९६० मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

सन १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींच्या तळपायावरील व्रण तेथे त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यांना साम्य जाणवले. मधुमेहात रक्तपुरवठाही मंदावतो, पण बधिर पायाने चालत राहिल्याने जखम चिघळते, हे दोन्हीकडे सारखेच होते. तळव्यावरचा दाब सर्वत्र विभागणारे, पायाला तंतोतंत बसणारे प्लास्टर त्यांनी अमेरिकेत रूढ केले. रुग्णाला ते स्वतःहून काढता येत नाही, हेच त्याच्या यशाचे मर्म ठरले.

दाब वाढताच इशारा देणारे हातमोजे व पायमोजेही त्यांच्या पथकाने बनवून पाहिले. परंतु रुग्ण इशाऱ्याकडे दुर्लक्ष करीत, अडचण वाटल्यास यंत्रणाच बंद करीत. वेदनेसारखा बंद न करता येणारा पहारेकरी माणसाला बनविता येत नाही, हे त्या अपयशातून त्यांना उमगले.

सन १९८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते सिएटल येथे स्थायिक झाले. ८ जुलै २००३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वर्तविण्यात आला. त्यांपैकी ज्यांच्या पायांची संवेदना हरपली आहे, त्यांना दुखत नाही म्हणून निर्धास्त राहता येणार नाही. रोज तळवे डोळ्यांनी तपासणे, अनवाणी न चालणे आणि जखम दिसताच पायाला विश्रांती देऊन डॉक्टरांकडे जाणे, ही दक्षता पाय कापण्याची वेळ टाळू शकते. वेल्लोरच्या रुग्णांनी डॉ. ब्रँड यांना शिकविलेला धडा हाच होता.