प्रकाशाला वळण लावणारा कारागीर

कोल्हापूरच्या कृष्णराव मेस्त्री यांच्या घरी लाकूडकाम, लोहारकाम, चित्र आणि शिल्प असे सारेच चाले. ३ जून १८९० रोजी जन्मलेल्या बाबूरावांनी हातातली कला तिथेच उचलली. पुढे आतेभाऊ, मामेभाऊ यांपेक्षाही जवळचा असा चुलतभाऊ आनंदराव याच्या जोडीने त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसले.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघा भावांना चलच्चित्राचा ध्यास लागला. कॅमेरा स्वतःच तयार करावयाचा, असे त्यांनी ठरविले. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी मात्र काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये त्यांनी चालता कॅमेरा उभा केला. एकेका चौकटीपाशी फिल्म क्षणभर थांबावी, तेवढ्यात भिंगातून उजेड आत यावा आणि फिल्म पुढे सरकावी, हे गणित किंचितही चुकले तर चित्र पुसट होई. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे पाठबळ दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरने त्यावर कात्री चालविली. बायकांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हे त्या काळी कमी धाडसाचे नव्हते.

पण बाबूरावांचे खरे वेगळेपण उजेडाच्या हाताळणीत होते. तेव्हाची फिल्म मंद असे, चित्रीकरण उन्हावर अवलंबून राही आणि ढग आला की काम थांबे. मोबाइलचे इवलेसे भिंग आजही अंधुक खोलीत अडखळते, ते याच कारणाने. पुरेसा उजेड आत गेला नाही तर चित्र दाणेदार होते. बाबूरावांनी ‘सिंहगड’साठी (१९२३) कृत्रिम प्रकाश वापरला. हिंदुस्थानात असा प्रयोग तेव्हा नवाच होता. रंगविलेल्या सपाट पडद्यांच्या जागी त्यांनी खोली असलेले देखावे उभारले. मुळात चित्रकार असल्याने सावली कोठे पडावी हे त्यांना आधी दिसत असावे.

हे सारे ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) एकवटले. नारायण हरी आपटे यांच्या कथेतला शेतकरी सावकाराच्या कर्जात जमीन गमावतो आणि गिरणीत मजुरीला जातो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. अंधारातली उदास झोपडी आणि बाहेर विव्हळणारे कुत्रे, हे पुढच्या बोलपट आवृत्तीतले दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात कायम राहिले. पौराणिक चित्रांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. बाबूराव पुन्हा देवादिकांच्या कथांकडे वळले; गल्ल्याची गणिते कलावंतालाही सुटत नाहीत.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनी सोडून गेले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. तयार केलेले हातच गेल्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीला ओहोटी लागली. बोलपटांच्या युगात बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५) व ‘प्रतिभा’ (१९३७) केले, आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी आवाजासह. नंतरच्या काळात ते चित्र आणि शिल्प यांतच रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.