नगररचनेतील शल्यविशारद : पॅट्रिक गेडिस

वस्ती दाट झाली, रोगराई वाढली की ती पाडून रुंद रस्ता काढायचा, हा शहरसुधारणेचा रूढ मार्ग. त्यात गरिबांचे हित नाही, हे शंभर वर्षांपूर्वी भारतातील नगरपालिकांना निक्षून सांगणारे विचारवंत म्हणजे सर पॅट्रिक गेडिस.

२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या दांपत्याने एडिंबरातील जुन्या, बकाल वस्तीत बिऱ्हाड थाटले आणि शेजाऱ्यांच्या साथीने मोडकळीस आलेल्या घरांची डागडुजी आरंभली.

१९१४ मध्ये ते भारतात आले. नगररचनेच्या त्यांच्या प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडवले. त्यांनी नव्याने साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवले. पुढे अनेक शहरांच्या गल्लीबोळांतून पायी फिरून त्यांनी अहवाल लिहिले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने अनेक वस्त्या पाडल्या होत्या. बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरत आणि तेथील दाटी वाढे. अशा पाडकामाला गेडिस यांचा पर्याय होता तो जपणुकीच्या शस्त्रक्रियेचा. मोजकी पडकी घरेच हटवावीत, मोकळ्या झालेल्या जागेत झाडे लावावीत, विहिरी व तलाव न बुजवता स्वच्छ राखावेत आणि रहिवाशांना शक्यतो तेथेच राहू द्यावे. यात खर्चही कमी, असे त्यांचे गणित होते.

१९१७ मध्ये महायुद्धात मुलगा आणि भारतात पत्नी, असे दोन आघात त्यांनी सोसले. काम मात्र थांबवले नाही. इंदूरला त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीतून स्वच्छतेचा प्रचार केला. जेथील रहिवासी घरे झाडून रंगवतील, त्याच रस्त्यांनी मिरवणूक नेली. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढे हे पद भूषविणारे डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिये येथे गेडिस यांचे निधन झाले.

त्यांच्या अनेक योजना कागदावरच राहिल्या. मात्र वस्ती हटवण्यापूर्वी तेथील माणसे कोठे जाणार, हा त्यांचा प्रश्न प्रत्येक वाढत्या शहराला आजही टाळता आलेला नाही.