कोडच्या तुकड्यांना क्रमांक देणारी विदुषी

टेक्स्ट एडिटर उघडून बसलेला प्रोग्रामर ‘फॉर’ एवढाच शब्द टाइप करून टॅबची कळ दाबतो आणि चार ओळींचे संपूर्ण लूप क्षणार्धात पडद्यावर उमटते. कर्सर पहिल्या मोकळ्या जागी थांबतो. तेथे चलाचे नाव लिहिले की उरलेल्या ठिकाणीही तेच नाव आपोआप येते. ‘स्निपेट’ नावाची ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागचा जुना प्रश्न कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकदा लिहून, तपासून ठेवलेला कोड माणसाने पुन्हा पुन्हा हाताने का उतरवावा, हा तो प्रश्न. अमेरिकेच्या गणितज्ञ आणि नौदल अधिकारी ग्रेस हॉपर यांनी उमेदीची वर्षे त्याच्या उत्तरासाठी वेचली.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. गजराचे घड्याळ चालते कसे, या कुतूहलापोटी सात वर्षांच्या ग्रेसने घरातली सात घड्याळे एकापाठोपाठ एक खोलून ठेवली होती. १९२८ मध्ये व्हॅसर महाविद्यालयाची पदवी आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. व्हॅसरमध्ये त्या गणित शिकवू लागल्या. प्राध्यापकाचे स्थिर आयुष्य समोर असतानाच दुसरे महायुद्ध आले. नौदलाच्या दृष्टीने त्यांचे वय जास्त आणि वजन कमी होते. तरीही खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या.

१९४४ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली झाली. तेथे सुमारे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच ‘मार्क वन’ हे गणनयंत्र युद्धाची गणिते अहोरात्र सोडवीत होते. त्याला द्यायच्या सूचना कागदी फितीवर भोके पाडून लिहाव्या लागत. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे त्यांचे तेथील सहकारी. एखादे काम बिनचूक करून दाखवणारा सूचनांचा तुकडा हाती आला, की ही मंडळी तो आपल्या वहीत टिपून ठेवीत आणि गरजेप्रमाणे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. आजच्या स्निपेटचे हे हस्तलिखित रूप होते.

युद्ध संपल्यावर व्हॅसरने देऊ केलेले प्राध्यापकपद नाकारून हॉपर हार्वर्डमध्येच संशोधनासाठी राहिल्या. १९४९ मध्ये मात्र फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत त्यांनी नोकरी धरली. तेथे युनिव्हॅक या इलेक्ट्रॉनिक संगणकाची जुळणी चालू होती. यंत्र वेगवान झाले, पण वहीतून उतरवण्याची रीत तीच राहिली आणि तिचे तोटे उघड झाले. तुकडा नव्या प्रोग्राममध्ये बसवताना त्यातील प्रत्येक पत्त्यात ठरावीक संख्या मिळवावी लागे. त्या बेरजा चुकत. उतरवताना ४ चा त्रिकोणी डेल्टा होई, बी अक्षराचे १३ होत. मूळ तुकडा निर्दोष असूनही प्रोग्राम अडत असे. माणसाला नक्कल आणि बेरीज नीट जमत नाही, यंत्राला मात्र या दोनच गोष्टी उत्तम जमतात. मग हे काम यंत्रानेच का करू नये, असा विचार त्यांनी केला.

तुकड्यांचे ग्रंथालय ही कल्पना त्यांच्या एकट्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स आणि डेव्हिड व्हीलर यांनी असा संग्रह आधीच उभारला होता. हॉपर यांनी प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला आणि सारे तुकडे चुंबकीय फितीवर साठवले. प्रोग्रामरने फक्त क्रमांक आणि लागणारी मूल्ये लिहायची. तुकडा शोधणे, उतरवणे, पत्ते जुळवणे हे सारे युनिव्हॅकने करायचे. १९५२ मध्ये सिद्ध झालेल्या या प्रणालीचे नाव ‘ए-झिरो’. विखुरलेले तुकडे संकलित करते म्हणून त्यांनी तिला ‘कंपायलर’ म्हटले. पुढे त्या शब्दाचा अर्थ बराच विस्तारला, पण मराठीतील ‘संकलक’ हा प्रतिशब्द मूळ अर्थाशी इमान राखून आहे.

संगणक केवळ आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असे त्यांना तेव्हा ऐकवले जाई. संकलक चालून दाखवत असतानाही त्याला हात लावायला फारसे कोणी तयार नव्हते. हॉपर यांनी हट्ट सोडला नाही. इंग्रजी शब्दांत सूचना स्वीकारणारी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा त्यांच्या चमूने घडवली आणि १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या ‘कोबोल’चा पाया तिच्यावर रचला गेला. नव्वदच्या दशकाअखेर ‘वायटूके’च्या दुरुस्तीने भारतातील सॉफ्टवेअर कंपन्यांना जे मोठे काम मिळाले, त्याचा बराचसा भाग याच कोबोलमधील जुन्या प्रोग्रामांचा होता.

१९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने पुढल्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावले आणि ते सहा महिने जवळजवळ दोन दशके लांबले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून त्या सेवामुक्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये अमेरिकेने त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

आज एडिटरमध्ये स्निपेट साठवणाऱ्याने त्यांच्या कामातला एक धागा मात्र विसरू नये. ए-झिरोच्या संग्रहातला तुकडा सुधारला, की पुढच्या संकलनात प्रोग्रामला सुधारित तुकडाच मिळे. एडिटरमधले स्निपेट सुधारले, तरी आधी ठिकठिकाणी उमटलेल्या प्रती जशाच्या तशा राहतात आणि त्यांतली चूकही तशीच राहते. यंत्र नक्कल बिनचूक करते, चुकीचीसुद्धा. म्हणूनच तुकडा साठवण्यापूर्वी तपासून घेण्याची जबाबदारी वहीच्या काळात माणसाची होती आणि आजही ती त्याचीच आहे.