मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे आणि त्यांची शिकारी कुत्री

संस्थानिकांची चरित्रे वाचताना लढाया, दरबार, तोफांची सलामी आणि वाघाच्या शिकारी यांचीच वर्णने आपल्यासमोर येतात. भोपाळ, ग्वाल्हेर यांसारख्या मोठ्या संस्थानांत वाघासाठी हाके उठत. कोल्हापुरात शाहू छत्रपती पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. या सर्वांच्या मानाने मुधोळ हे अगदी लहान संस्थान. क्षेत्रफळ सुमारे पावणेचारशे चौरस मैल. तरीही आज देशोदेशींच्या श्वानप्रेमी मंडळींना मुधोळचे नाव ठाऊक आहे, आणि ते ठाऊक होण्याचे कारण म्हणजे सशामागे धावणारा एक सडपातळ कुत्रा. त्या कुत्र्याला कीर्ती मिळवून देणारे राजे सर मालोजीराव घोरपडे यांच्या कार्याची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

मुधोळ हे घटप्रभा नदीच्या काठचे गाव. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मोडते. कन्नडच्या विद्यार्थ्यांना ते दहाव्या शतकातील महाकवी रन्न याचे गाव म्हणून माहीत असते. मराठीच्या विद्यार्थ्यांना ते आठवते घोरपडे घराण्यामुळे. हे घराणे भोसले कुळातीलच एक शाखा. पूर्वजाने घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केला म्हणून घोरपडे हे नाव पडले, अशी घराण्याची परंपरा सांगते. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात बाजी घोरपडे यांचा हात होता आणि १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चाल करून त्याचा हिशेब चुकता केला, हे आपण शाळेतच शिकलो आहोत. राजघराणे मराठी आणि रयत बहुतांशी कन्नड, अशी या संस्थानाची ठेवण होती. पुढील सर्व हकिकत समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे.

मालोजीरावांचा जन्म १८८४ सालचा. वडील व्यंकटराव यांच्या पश्चात १९०० साली ते गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. पुढे १९३७ पर्यंत, म्हणजे तब्बल सदतीस वर्षे, त्यांची कारकीर्द चालली. आपल्या घराण्याच्या इतिहासाविषयी त्यांना मोठी आस्था होती. त्यांच्याच काळात, १९३४ साली, इतिहास संशोधक दत्तात्रय विष्णू आपटे यांनी लिहिलेला मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध झाला. दफ्तरातील जुनी फर्माने त्यामुळे अभ्यासकांपुढे आली. वंश, कूळ, पिढी या गोष्टींना महत्त्व देणारा हा राजा होता. हीच दृष्टी त्यांनी कुत्र्यांच्या बाबतीतही लावली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

परंतु ही कुत्री राजवाड्यात जन्मली नव्हती. ती होती रानात, बेडर लोकांच्या आणि धनगरांच्या झोपडीपाशी. बेडर (ज्यांना मराठीत बेरड म्हणतात) हे या भागातील शूर, शिकारीवर गुजराण करणारे लोक. १८५७ साली इंग्रज सरकारने हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुधोळजवळील हलगलीच्या बेडरांनी तो झुगारून दिला. ज्याचे पोटच शिकारीवर, त्याने भाला-बंदूक सरकारजमा करून खायचे काय? सरकारी फौजेने गाव जाळले आणि पुढाऱ्यांना फाशी दिले. हत्याराला परवाना लागू लागला, पण कुत्र्याला परवाना लागत नव्हता. गरिबाच्या घरी शिकारी कुत्र्याचे मोल किती असेल, याची कल्पना यावरून करता येते. कुत्र्याने ससा आणला तर त्या रात्री चुलीवर कोरड्यास शिजणार, नाही तर नुसती भाकरी.

या कुत्र्याचे मूळ इराण, अरबस्तान आणि मध्य आशियाकडील सालुकी व ताझी जातींत आहे, असे जाणकार मानतात. घोडे, व्यापारी आणि सैन्ये यांच्याबरोबर ती दख्खनमध्ये आली. काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, आली म्हणून त्यांना कारवानी हे नाव पडले. अंगावर लांब रेशमी केस असणाऱ्यांना पश्मी म्हणतात. नर खांद्यापाशी ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच, मादी त्याहून थोडी कमी. निमुळते लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि चाबकासारखी शेपटी. प्रथम पाहणाऱ्याला वाटावे की धन्याने याला उपाशी ठेवले आहे! वस्तुतः धावण्यास निरुपयोगी असे मांस त्याच्या अंगावर नसतेच. खोल छातीत मोठे हृदय व फुप्फुसे मावतात आणि भरधाव धावताना दर झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात.

येथे इंग्लंडमधील बीगल या कुत्र्याशी तुलना केली तर विषय अधिक स्पष्ट होईल. बीगलही सशाच्या शिकारीसाठीच वाढवलेला, परंतु त्याची उंची सारी ३३ ते ४० सेंटिमीटर. तो नाकाने शिकार करतो. ओल्या गवतावर रेंगाळणारा सशाचा वास घेत, भुंकत, कळपाने तो हळूहळू माग काढतो. ससा मोठा वळसा घेऊन आपल्या ठिकाणाकडे परततो आणि शिकारी तेथे वाट पाहत उभा असतो. आपल्याकडची जमीन निराळी. उन्हाने तापलेल्या काळ्या रानात सकाळचा वास दुपारपर्यंत टिकत नाही, पण नजर मैलभर पोहोचते. म्हणून आपला कुत्रा डोळ्याने शिकार करतो आणि न भुंकता धावतो. ज्या मुलखात जसे रान, तसा कुत्रा माणसाने घडवला.

आपला काळ्या मानेचा ससा बिळात राहत नाही. झुडपाच्या किंवा ढेकळाच्या आडोशाला तो दबून बसतो आणि अगदी पायाशी आल्यावर उसळतो. शिकारी लोक ओळीने रान तुडवीत जातात, कुत्री पट्ट्यात धरलेली असतात. ससा उठला की कुत्री सोडायची. सरळ धावण्यात कुत्रा सशाला गाठू शकतो, पण ससा हुलकावणी देऊन एकदम वळतो आणि वेगात असलेला कुत्रा दहा हात पुढे जातो. यासाठी जोडी लागते. एकाने वळवायचा, दुसऱ्याने धरायचा. हे शिक्षण पुस्तकातून किंवा छडीने देता येत नाही. हाडे भरण्यापूर्वी पिल्लाला फार पळवले तर पाय कायमचे बिघडतात, म्हणून पहिले वर्ष धीर धरावा लागतो. नंतर त्याला मुरलेल्या कुत्र्याबरोबर रानात न्यायचे आणि थोरल्याचे पाहून ते शिकते. धन्याने शिकवायचे ते एवढेच की हाक मारली की परत यावे आणि धरलेला ससा फाडू नये. हा कुत्रा मानी असतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. मारून तो सुधारत नाही, उलट धन्यावरचा विश्वास गमावून बसतो.

मालोजीरावांनी आपल्या मुलखात ही कुत्री पाहिली आणि त्यांचे गुण हेरले. त्या काळी अनेक राजेरजवाड्यांना विलायती कुत्र्यांचे वेड होते. ग्रेहाउंड, स्पॅनिएल, बुलडॉग आगबोटीने येत आणि पंख्याखाली राहत. गावच्या कुत्र्याकडे पाहण्याची कोणाला गरज वाटत नसे. मालोजीरावांनी मात्र रयतेच्या दारातील जनावर पारखले, ते आपल्या पदरी आणले आणि निवड पद्धतीने त्याची पैदास सुरू केली.

निवड पैदास हे शब्द सोपे वाटतात, पण काम चिकाटीचे आहे. कुत्री सुमारे दोन महिन्यांनी विते. एका वेतातील सर्व पिल्ले सारखी निघत नाहीत. कोणते वेगवान, कोणते दमदार, कोणाची नजर तीक्ष्ण, हे ती मोठी होऊन रानात धावल्याशिवाय कळत नाही. त्यांतील उत्तम नर व उत्तम मादी ठेवायची, बाकीच्यांचा वंश पुढे चालवायचा नाही, आणि जवळच्या रक्ताचा संबंध फार येऊ नये म्हणून बाहेरून चांगले जनावर शोधत राहायचे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे लगेच पटावे. मुद्दल न मोडता दरवर्षी थोडी भर घालत गेले तर भांडवल वाढते, आणि एकदा मुद्दलाला हात लागला की पिढ्यांची कमाई बुडते. गरीब शिकाऱ्याजवळ उत्तम कुत्रा असला तरी अशी वर्षानुवर्षांची निवड करण्यास लागणारी जागा, खाद्य आणि फुरसत त्याच्याजवळ नव्हती. ती राजाजवळ होती, आणि या राजाने ती या कामी लावली.

पुढे इंग्लंडच्या भेटीत मालोजीरावांनी बादशहा पाचवे जॉर्ज यांना या कुत्र्यांची एक जोडी नजर केली. बादशहांना ती पसंत पडली आणि हाउंड ऑफ मुधोळ हे नाव रूढ झाले. शतकानुशतके कारवानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनावराला एका गावाचे नाव चिकटले. या नामकरणाचा वाद अजून मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची कॅरव्हान हाउंड म्हणून नोंद करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. महाराष्ट्रातील पाळणारे कारवान म्हणतात, कर्नाटकातील मुधोळ म्हणतात. कुत्रा एकच!

१९३७ मध्ये मालोजीरावांची कारकीर्द संपली आणि भैरवसिंहराव गादीवर आले. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. राजाश्रय गेला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आज सशाची शिकार हा गुन्हा आहे. तो असावाही, कारण माळराने नांगराखाली गेली आणि सशाला दबायला जागा उरली नाही. परंतु ज्या कामासाठी कुत्रा घडला ते कामच संपल्यावर कुत्र्याचे काय?

राजाश्रयाच्या अभावी ही जात टिकली ती पुन्हा गरिबाच्याच दारात. मुधोळ भागातील शेकडो कुटुंबे आजही ही कुत्री पाळतात, ज्वारीची भाकरी आणि दूध घालून वाढवतात आणि पिल्ले विकून संसाराला हातभार लावतात. उशिरा का होईना, सरकारचेही लक्ष गेले. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने श्वान संशोधन केंद्र स्थापन केले. २०१६ मध्ये भारतीय सेनेने मेरठच्या केंद्रात ही कुत्री शिक्षणासाठी नेली. विलायती जातींचा भरणा असलेल्या त्या खात्यात देशी कुत्र्याला प्रवेश मिळाला, ही अभिमानाची बाब आहे.

तरी धोका संपलेला नाही. पिल्लू पावतीवर विकले जाते, पण त्याचे आईबाप रानात कसे धावत होते हे पावतीवर लिहिलेले नसते. बाजाराला रंग आणि उंची दिसते, दम दिसत नाही. लवकर पैसा व्हावा म्हणून ग्रेहाउंडशी संकर करण्याचा मोह होतो. शहरातील हौशी लोक पिल्लू नेतात आणि दोन खोल्यांत साखळीने बांधतात. धावण्यासाठी जन्मलेल्या जनावराला यापेक्षा मोठी शिक्षा कोणती? शिकार न करताही त्याची परीक्षा घेता येते. मोकळ्या मैदानावर कृत्रिम सशामागे धावण्याच्या शर्यती परदेशात होतात, तशी काही सोय आपल्याकडेही हवी, म्हणजे निवडीची कसोटी कायम राहील.

मालोजीरावांच्या कार्याचे मोल करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्यांनी ही जात निर्माण केली नाही. ती बेडर आणि धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहून जतन केली, आणि त्यांतील एकाचेही नाव इतिहासात नाही. नाव राहिले ते राजाचे आणि गावाचे. पण जवळचे जनावर विलायतीहून कमी नाही हे ओळखायला जी नजर लागते, ती मालोजीरावांजवळ होती, आणि ओळखल्यावर त्यासाठी झटण्याची वृत्तीही होती. गुण आपल्याच दारात असतो आणि आपण तो आगबोटीच्या वाटेवर शोधत बसतो, ही सवय अजून आपल्याला सुटलेली नाही. मराठी राजाने कन्नड रयतेच्या कुत्र्याची कदर केली आणि त्यातून दोघांचेही नाव जगात गेले. कारवान म्हणा की मुधोळ म्हणा, नावावरून भांडण्यापेक्षा दोन्ही भाषांच्या लोकांनी मिळून ते रक्त शुद्ध आणि धावते ठेवले, तर मालोजीरावांचे आणि त्या अनाम शिकाऱ्यांचेही ऋण काही अंशी फिटेल.